लाल वीट की एएसी ब्लॉक? म्हसरूळच्या घरात तिन्ही ऋतू राहिल्यावर

आमचं घर एएसी ब्लॉकचं, म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकचं. घर बघायला येणारे विचारतात, "ब्लॉक केवढ्याला पडला?" मला वाटतं, हिशेब तिथून सुरूच करू नये. ६०० × २०० × १५० मिलिमीटरचा एक ब्लॉक आकारमानाने साधारण दहा लाल विटांएवढा भरतो, त्यामुळे नगाचा भाव नगाशी जुळवून काहीच कळत नाही. तयार भिंतीचा खर्च काढा. विटकामात सांधा १०-१२ मिलिमीटरचा, ब्लॉकला केमिकलचा, म्हणजे ब्लॉक चिकटवायच्या तयार मसाल्याचा, जेमतेम ३. वाळू-सिमेंट वाचतं, सांध्यांवर पाणी मारत बसावं लागत नाही, आतला गिलावाही पातळ चालतो.

पण मोठी बचत पायात आणि सळईत आहे. नऊ इंची विटेची भिंत चौरस मीटरला चारशे किलोच्या पुढे जाते; १५० मिलिमीटर ब्लॉकची तेवढीच भिंत, गिलावा सोडून, शंभर किलोच्या आसपास. मात्र हा फायदा पदरात पडायचा तर आरसीसी डिझाइन पहिल्यापासून ब्लॉक धरूनच झालं पाहिजे. आम्ही नकाशा काढतानाच इंजिनिअरला तसं सांगितलं होतं. मेहुण्यांनी प्लिंथ (जोतं) झाल्यावर विटेऐवजी ब्लॉक घेतले. पायातली सळई तोवर पडून गेली होती, ती काय परत मिळणार! शिवाय बाहेरची भिंत तीन इंचांनी बारीक झाल्याने प्रत्येक खोलीला थोडी जागा मिळाली, तीही हिशेबात धरा.

उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळी आतून हात लावला तर ती तापलेली नसते. आमच्या जुन्या विटेच्या घरात रात्रीपर्यंत धग यायची. थंडीतही खोली लवकर गार पडत नाही. वरच्या मजल्यावर मात्र उकडतंच, कारण ऊन स्लॅबवर पडतं आणि ब्लॉक तिथे काही करू शकत नाही. थोडे पैसे गच्चीच्या चायना मोझॅकसाठी (पांढऱ्या टाइल-तुकड्यांच्या थरासाठी) राखून ठेवा, हे मी कळकळीने सांगते.

तक्रार पावसाळ्याची. ब्लॉक पाणी ओढतो. आमच्या कंत्राटदाराने एका बाजूला कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी न मारताच गिलावा केला. तिथे उभी चीर गेली, ओल आत आली आणि रंगाचे पोपडे सुटले. दुरुस्तीत केमिकलवर वाचवलेले बरेच पैसे गेले. गिलाव्याच्या दिवशी स्वतः साइटवर उभं राहा, प्रत्येक सांध्यावर जाळी दिसल्याशिवाय माल चढवू देऊ नका, आणि बाहेरच्या गिलाव्यात वॉटरप्रूफिंग घालायलाच लावा.

गिझर किंवा किचनची वरची कपाटं बसवणाऱ्यालाही भिंत ब्लॉकची आहे हे आधी सांगा. साधे प्लग वजनाने सुटतात. लांब अँकर किंवा आरपार बोल्ट लागतो.