नर्सरीतली 'जंगली स्ट्रॉबेरी': पाचपैकी तीन

वाईहून पाचगणीला जाताना लागणाऱ्या एका नर्सरीतून दिवाळीनंतर 'जंगली स्ट्रॉबेरी' अशी चिठ्ठी लावलेलं रोप दीडशे रुपयांना आणलं. "काकू, गावठी आहे. फळ बारीक, पण साखर!" इति तिथला मुलगा. रोप मात्र ठणठणीत. पिशवी फाडली तर पांढरीशुभ्र मुळं, एकही सडकं नाही. याचे पूर्ण मार्क.

महिन्याभरात साताऱ्यात आमच्या गच्चीवर फूल आलं, तेही पिवळं! चाळीस वर्षांपूर्वी बॉटनी शिकलेली मी, तरी पानांवरून फसले. तीच त्रिदळी, कातरलेल्या कडांची पानं. शेवटी दोघी गुलाबाच्याच कुळातल्या. ही निघाली पोटेंटिला इंडिका, म्हणजे मॉक स्ट्रॉबेरी. फूल उलटं करून पाहिलं, तर निदलांच्या, म्हणजे पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांच्या, खाली आणखी पाच हिरवी पानं, निदलांपेक्षा रुंद आणि टोकाला तीन-तीन दाते. खऱ्या स्ट्रॉबेरीत तीच पानं अरुंद असतात.

फळ दिसायला झकास. लालबुंद, गोल, आभाळाकडे तोंड करून उभं. नातवानं तोंडात टाकलं आणि थुंकलं, "आजी, कापूस!" विषारी नाही, एवढंच समाधान. कापलं तर आत पांढरं, भुसभुशीत. ना रस, ना वास.

परत जाऊन सांगितलं. वाद न घालता त्यांनी आतल्या सावलीतलं दुसरं रोप पन्नास रुपयांत दिलं. पहिलं "राहू दे काकू" म्हणाले. हे मात्र खरं फ्रॅगारिया वेस्का, म्हणजे अस्सल जंगली स्ट्रॉबेरी. पांढरं फूल, करंगळीच्या नखाएवढं फळ, देठावर मान खाली घालून. एकच पिकलं होतं, पण तोडल्यावर बोटांना किती वेळ वास येत होता! २०१० साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली आमची महाबळेश्वरची टपोरी स्ट्रॉबेरी वासात हिच्यापुढे फिकी, हे मी सातारकर असून म्हणते. ती मुळात दोन अमेरिकी जातींच्या संकरातली, जातच वेगळी. वेस्काचे नखरे मात्र फार. दुपारच्या उन्हात माना टाकते, शेवटी शेडनेट बांधावं लागलं.

पिवळीला काही लागत नाही. तिचे रनर, म्हणजे जमिनीवर सरपटत मुळं धरणारे फुटवे, आता कढीपत्त्याच्या कुंडीत उतरलेत.

फेब्रुवारीत पुन्हा तिकडून गेले. चिठ्ठी तीच, किंमत एकशे सत्तर.