पावलोव्हाची ‘सही’ आणि तीन जुने फोटो: व्यवहार कुठे फसला

‘मुंबईतल्या पारशी घराण्याचा अल्बम, १९२२. अॅना पावलोव्हाच्या सहीसह बॅलेचे तीन मूळ फोटो.’ जगप्रसिद्ध रशियन बॅले-नर्तकी पावलोव्हाच्या नावाने केलेल्या एवढ्या वर्णनावर २८,००० रुपये गेले. वर्णन मुद्दाम खऱ्याच्या जवळ नेलेलं होतं. पावलोव्हा १९२२-२३ च्या आशिया दौऱ्यात मुंबईत आणि कोलकात्यात खरोखरच नाचली होती. १९२३ मध्ये तिच्या मंडळीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून बॅलेही सादर केला. त्यामुळे मुंबईतल्या जुन्या कपाटातून तिचा फोटो निघणं अशक्य नाही, आणि विकणाऱ्याने नेमका त्याचाच फायदा घेतला. दाखवताना फक्त दर्शनी बाजूचे स्कॅन पाठवले. पाठ दाखवा म्हटल्यावर उत्तर आलं, ‘अल्बमला चिकटलेत, काढले तर फाटतील.’ व्यवहार तिथेच सोडायला हवा होता. जुन्या फोटोचं वय चेहऱ्यापेक्षा पाठीवर जास्त कळतं.

पहिला फोटो ‘मरणारा हंस’ या भूमिकेतला, ८ × १० इंची, कोपऱ्यात निळी सही. विक्रेत्याने खाली लिहिलं होतं, ‘स्वान लेकचा शेवट’. ही पहिली खूण. मरणारा हंस हे नृत्यदिग्दर्शक फोकिनने सॅं-साँस या फ्रेंच संगीतकाराच्या संगीतावर बसवलेलं काही मिनिटांचं स्वतंत्र एकल नृत्य आहे. चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’ या बॅलेशी त्याचा संबंध नाही. भूमिकाच चुकीची सांगणाऱ्याला फोटो कुठून आला हे ठाऊक असण्याची शक्यता कमी.

मग फोटो हाती आल्यावर कागद. अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायचा यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च मारला, शेजारी झेरॉक्सचा कोरा कागद ठेवला. दोन्ही सारखेच निळसर पांढरे चमकले. अशी चमक देणारी रसायनं फोटोच्या कागदात १९५० नंतर आली आणि पावलोव्हा जानेवारी १९३१ मध्ये वारली. पाठही प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत होती. तसा लेप असलेला कागद १९७० च्या आसपासचा किंवा नंतरचा. मात्र उलट बाजूने हा नियम लावू नका: चमक नाही म्हणून कागद जुना ठरत नाही, कारण आजचे कित्येक कागदही चमकत नाहीत. पिवळेपणा चहाच्या पाण्याचा होता. तो सगळीकडे एकसारखा आणि पाठीवरही तेवढाच उतरलेला. खरा सिल्व्हर जिलेटिन प्रिंट (त्या काळचा नेहमीचा कृष्णधवल फोटो) बहुधा कडांकडून आत म्हातारा होतो आणि तिरक्या उजेडात त्याच्या काळ्या भागांवर आरशासारखी चंदेरी झाक दिसते.

सहीने उरलीसुरली शंका मिटवली. तिरका उजेड टाकल्यावर अक्षरांखाली बॉलपेनची खोल चरी दिसली, आणि बॉलपेन दुकानात आलं १९४५ च्या सुमारास.

या फोटोतलं चित्र मात्र अस्सल होतं, फक्त प्रत नंतरची, आणि माणूस फसतो तो यामुळेच. या धंद्यात ‘व्हिंटेज’ म्हणजे निगेटिव्ह घेतल्यानंतर थोड्याच काळात काढलेला प्रिंट. फोटोचा पुन्हा फोटो काढून केलेली प्रत त्यात बसत नाही. अशा प्रतीत पांढरं जळतं आणि काळं गच्च होतं. इथे घागऱ्यावरची पिसं एकमेकांत मिसळून नुसता पांढरा डाग उरला होता. पण बुटांची टोकं अस्वाभाविक निमुळती दिसली म्हणून फोटो नकली समजू नका. पावलोव्हाच्या अस्सल फोटोंतही ती निगेटिव्हवर खरवडून बारीक केलेली असत.

दुसरा फोटो, ‘पेत्रुश्का’ या बॅलेतल्या वेषातला रशियन नर्तक निजिन्स्की, घड्याळजीच्या १० पट भिंगाखाली ओळीने ठिपके ठिपके झाला. म्हणजे पुस्तकातलं पान कापून पुठ्ठ्यावर डकवलेलं. खऱ्या फोटोत छपाईच्या ठिपक्यांची जाळी नसते. विखुरलेले रंगीत ठिपके दिसले तर तो बहुधा घरच्या प्रिंटरचा. १९११ च्या ‘पेत्रुश्का’चा फोटो ‘प्रयोग चालू असताना रंगमंचावर टिपलेला’ म्हणून कोणी देत असेल, तर जास्तच सावध व्हा. रंगमंचावरच्या दिव्यांत हालचाल पकडण्याइतक्या वेगवान प्लेटा (फिल्मच्या जागी वापरायच्या काचा) तेव्हा नव्हत्या, म्हणून भूमिकांचे फोटो बहुतेक स्टुडिओत पोज घेऊनच काढले जात.

तिसरं, ‘फायरबर्ड’ या बॅलेमधल्या नर्तकी कार्साविनाचं, खरं निघालं. साधारण ९ × १४ सेंमीचं फोटो-पोस्टकार्ड, पाठीवर मजकूर आणि पत्ता वेगळा करणारी उभी रेघ. ही रेघ ब्रिटनमध्ये १९०२ पासून चालू झाली. पण अशी कार्डं त्या काळी भरपूर छापली जात, आणि इथे ते ‘दुर्मीळ स्टुडिओ प्रिंट’ म्हणून किंमत लावून दिलं. एक खरं कार्ड घालायचं म्हणजे घेणारा आधी तेच तपासतो आणि निर्धास्त होतो.

पैसे देण्याआधी चार फोटो मागा: पूर्ण पाठ, एक कोपरा जवळून, सहीवर तिरका उजेड टाकून, आणि बाजूला पट्टी ठेवून. ‘मूळ काळातला प्रिंट, पटला नाही तर १४ दिवसांत परत’ हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. परतीचं संरक्षण देणाऱ्या साइटवर सौदा ठरला असेल तर पैसेही तिथूनच भरा. इथे ‘कमिशन वाचेल’ म्हणत विक्रेत्याने थेट यूपीआयवर रक्कम मागितली, आणि परतीचा मार्ग तिथेच बंद झाला. पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. जाहिरातीचे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट आधीच घ्या, कारण तक्रारीचा सुगावा लागताच जाहिरात काढली जाते. पाकीट आणि त्यावरचा कुरिअरचा कागदही फेकू नका.