ड्रेनेज कॅमेरा: घ्यायचा तर लोकेटरसकट

मालवण-तारकर्ली पट्ट्यात प्लंबिंगची कामं करतो. गेल्या मे महिन्यात पाइपात घालायचा कॅमेरा घेतला. पावसाळा आणि नंतरचा होमस्टेंचा सीझन त्याच्यावर काढला, म्हणून आता लिहितोय.

सेट असा: 23 मिमीचं कॅमेऱ्याचं डोकं, 30 मीटर फायबरग्लास रॉड, 7 इंची स्क्रीन, मीटर काउंटर आणि डोक्यामागे 512 हर्ट्झचा सॉन्ड, म्हणजे सिग्नल सोडणारा छोटा ट्रान्समीटर. वर जमिनीवर फिरवून तो सिग्नल पकडायचा लोकेटर वेगळा घ्यावा लागला. दुकानात स्क्रीन आणि रेकॉर्डिंगचंच कौतुक चालतं. पण पाइपात काय झालंय ते स्वस्तातला कॅमेराही दाखवतो. कुठे खणायचं, ते काउंटर आणि सॉन्ड सांगतात, आणि गिऱ्हाईक पैसे त्याचे देतं.

एका घरी काम सुरू करण्याआधीच आजोबांनी बजावलं, "खळा फोडूक देवचंय नाय, आदीच सांगतंय." लाइन खळ्याखालूनच, म्हणजे घरापुढच्या अंगणाखालूनच, सेप्टिक टँककडे गेलेली. चेंबरमधून रॉड सोडला. जुन्या चिनी मातीच्या पाइपाच्या जोडातून माडाची मुळं झुबक्याने आत लोंबत होती. कॅमेरा तिथेच ठेवून वर लोकेटर फिरवला. सिग्नल बरोबर डोक्यावर सर्वांत जोरात येतो. पुढे-मागे आधी पडतो आणि मग पुन्हा थोडा वर चढतो. नवखा माणूस त्या बाजूच्या चढालाच फसतो, म्हणून मधला आणि दोन्ही बाजूंचे असे तिन्ही चढ सापडल्याशिवाय खूण करायची नाही. लोकेटर पाइपाच्या दिशेतच धरायचा. खूण आली खळ्याच्या कडेला, माडाच्या आळ्याजवळ. तेवढाच चर मारला, खळं शाबूत राहिलं.

सेटिंग शिकायला फार दिवस लागत नाहीत, हात बसायला लागतात. कमोडमधून घालू नका, ट्रॅपच्या वळणात डोकं अडतं, चेंबरमधूनच सोडा. पाइपाच्या तोंडाशी काउंटर शून्य करा. आधी लाइनमध्ये पाणी सोडून घाण वाहू द्या. नव्या पांढऱ्या पीव्हीसीत एलईडी कमी ठेवा, नाहीतर सगळं पांढरंफटक दिसतं. जाताना फक्त वाट काढायची. नीट बघणं आणि रेकॉर्डिंग परत ओढताना, तेव्हा डोकं झटके खात नाही. माझ्या कॅमेऱ्यात चित्र आपोआप सरळ होत नाही, पाइप गरगर फिरतो. अशा वेळी तळाचं पाणी बघायचं, जिकडे पाणी तिकडे खाली. तुंबलेलं ढकलायला मात्र कॅमेरा वापरायचा नाही, त्या कामाला लाइन मोकळी करायची वेगळी स्प्रिंग असते.

देवबागला खरी परीक्षा झाली. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळू. वाळूत पाइप खचतो आणि लाइनला पोट येतं, म्हणजे ती मधेच खाली वाकते. कॅमेरा एकदम पाण्याखाली जातो, काही अंतराने पुन्हा बाहेर येतो. बुडाला तो मीटर आणि वर आला तो मीटर लिहून घेतला की किती तुकडा उचलून पुन्हा ढाळात बसवायचा ते कळतं. मात्र वरून पाणी चालू असताना हे करू नका. वाहतं पाणी आणि साचलेलं पाणी यांत गफलत होते. भर पावसात जोडातून भूजलाची धार आत येताना दिसते. टँक सारखा का भरतो, हे मालकाला स्क्रीनवर दाखवलं की वाद मिटतो.

आता तक्रारी. उन्हात स्क्रीन दिसत नाही. छत्री धरायला माणूस लागतो. रॉड बुळबुळीत झाला की काउंटरचं चाक घसरतं आणि मीटर कमी दाखवतं, त्यामुळे रॉड फडक्यातून पुसत सोडावा लागतो. पाठोपाठ दोन काटकोनी बेंड आले की 110 मिमी पाइपातही मी जोर लावत नाही, फायबरग्लास मोडतो. स्लॅबमधल्या सळ्यांवर लोकेटर बावचळतो. आणि खारी हवा: केबलच्या पिनांवर हिरवट थर चढायला लागला होता. आता प्रत्येक कामानंतर गोड्या पाण्याने धुऊन, पिना कोरड्या करून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट पेटी बंद करतो.

वर्षाला चार-दोनच लाइनी बघणार असाल तर घेऊ नका, ज्याच्याकडे आहे त्याला बोलवा. आणि तो आला की पहिलं विचारा, लोकेटर आणलाय का.