वाऱ्यासाठी निवडलेलं बेट : मॉरिशसच्या ले मोर्नमधले दहा दिवस

विंडसर्फिंगला, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्यावर पाणी कापायला, कुठल्या बेटावर जावं, असं कोणी विचारलं की मी आधी त्यांना विचारते, रजा कधी मिळतेय? महिना कळला की निम्मी बेटं तिथंच गळतात. हॉटेलचे फोटो, पाण्याचा निळा रंग, नारळाला टांगलेले झोपाळे हे सगळं त्यानंतर.

माझा महिना ऑगस्ट. आमच्या टॅक्सच्या कामात ३१ जुलैपर्यंत रिटर्नांची धावपळ असते, त्यामुळे मे महिन्यात अख्खं पुणं फिरायला जातं तेव्हा मी ऑफिसात असते. विंडसर्फिंग मी गोव्यात शिकले, चाळिशीला टेकताना. सलग सहा हिवाळे जाते आहे. गोव्याचा वारा शिकायला फार चांगला. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो, दहा-बारा नॉट (एक नॉट म्हणजे ताशी जवळपास दोन किलोमीटर), आणि ऊन उतरलं की तोही उतरतो. पण बोर्ड पाणी सोडून वर येतं आणि नुसतं पृष्ठभागावरून सुसाट निघतं, ज्याला प्लेनिंग म्हणतात, ते मला गोव्यात हंगामात चार-पाचदाच मिळायचं. मला सलग आठवडाभर, रोज चार तास तेच हवं होतं.

मग नकाशा घेऊन बसले. फिलिपिन्सचं बोराकाय नावाजलेलं, पण तिथला बुलाबोग किनारा चालतो ईशान्येच्या वाऱ्यावर, नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. ऑगस्टात तिकडे वादळांचे दिवस. मालदीवला जाणं सोपं, पण तिथं रोज पंधरा नॉटच्या वर वारा मिळेल याची खात्री कोण देणार? झांझिबारच्या पाजे किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर चांगला वारा असतो, पण ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की चालून चालून पाय दुखतात, आणि तिथं पतंगवाल्यांचं, म्हणजे काइटसर्फिंगचं राज्य आहे. कॅरिबियनमधलं बोनेर हे नवशिक्यांसाठी माझ्या मते जगातल्या सर्वांत सोप्या जागांपैकी एक. लाक बे नावाचा उपसागर, कंबरभर पाणी, खाली स्वच्छ वाळू, बाहेरच्या लाटा प्रवाळाच्या भिंतीवर अडलेल्या. पण पुण्याहून ॲम्स्टरडॅममार्गे तिथं पोहोचण्यात जाता-येता चार दिवस जातात.

मॉरिशस मुंबईहून थेट विमानानं सहा तासांच्या आसपास. घड्याळ दीडच तास मागे. आपल्याला व्हिसा विमानतळावर उतरल्यावर, फुकट. आणि ऑगस्ट म्हणजे तिथला भर वाऱ्याचा हंगाम.

या वाऱ्याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्या पावसाळ्यात तिकडे हिवाळा असतो आणि मॉरिशसच्या आग्नेयेला महासागरावर हवेचा जास्त दाब तयार होतो, ज्याला मॅस्करीन हाय म्हणतात. त्यातून निघणारे आग्नेयेचे व्यापारी वारे बेटावर धडकतात, पुढे आफ्रिकेच्या कडेनं विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळतात आणि नैर्ऋत्येचे होऊन कोकणात पाऊस घेऊन येतात. माझं माहेर गुहागरजवळचं. वडील होडी पाळून होते, पावसाळ्यात ती शाकारून ठेवायची आणि वाऱ्याला हात जोडायचे. त्याच वाऱ्याच्या उगमाकडे शीड घेऊन जायचं, या विचारानंच मी तिकीट काढलं. बरोबर माझा भाचा ओंकार, वय एकोणीस, पोहण्यात तरबेज, पण बोर्डावर कधी उभा न राहिलेला.

पहिली चूक मुक्कामाची झाली आणि ती मनाला लागली. ट्रॅव्हल एजंटानं पहिल्या तीन रात्री पश्चिम किनाऱ्यावरच्या हॉटेलात घातल्या, ‘विंडसर्फिंग मोफत’ असं कागदावर लिहिलेलं होतं. बोर्ड होतं, शीडही होतं. वारा नव्हता. वारा आग्नेयेचा, मधे बेटाचे डोंगर, म्हणजे पश्चिम किनारा वाऱ्याच्या सावलीत. पाणी आरशासारखं, आणि मधूनच डोंगरावरून एखादा झोत खाली यायचा तो थेट भर समुद्राकडे ढकलणारा. शिकाऊ माणसाला यापेक्षा वाईट काही नाही, कारण पडला की तो किनाऱ्यापासून लांब जात राहतो. मी एजंटाला स्पष्ट शब्दांत लिहिलं होतं की सहल वाऱ्यासाठी आहे. दोन दिवस वाया गेले, तिसऱ्या रात्रीचे पैसे सोडून आम्ही ले मोर्नला हललो. मॉरिशसला जाणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं की तिथला किनारा हॉटेल पाहून निवडायचा नसतो. वारा कुठून येतो ते पाहायचं.

ले मोर्न म्हणजे बेटाच्या नैर्ऋत्य टोकाचं, समुद्रात घुसलेलं नाक. त्यावर ५५६ मीटर उंच काळाकभिन्न कडा. सुळक्याच्या हॉटेलांकडच्या बाजूलाही वारा अडतो आणि गरगरतो, म्हणून दक्षिणेच्या सार्वजनिक किनाऱ्यावर यायचं. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की वारा डावीकडून, किनाऱ्याला समांतर. जाताना एका हातावर, येताना दुसऱ्या हातावर, एकच सरळ रेघ. विंडसर्फरला याहून काय हवं!

सकाळी नऊला सुरूच्या झाडांची टोकं हलायला लागतात. साडेदहाला पाण्यावर पांढरे तुरे दिसतात, तेव्हा वारा पंधरा नॉटच्या वर गेलेला असतो. दुपारी एक ते चार तो वीसला टेकतो. माझं वजन अडुसष्ट किलो. पहिल्या दिवशी मी गोव्याच्या सवयीनं ६.२ चौरस मीटरचं शीड मागितलं. सेंटरवरच्या मुलानं माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि काही न बोलता ५.० पुढे ठेवलं. तो बरोबर होता. दुपारी तर मी ४.५ वर आले. बोर्ड ९५ लिटरचं (बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये मोजतात), फिन, म्हणजे बोर्डाखालचं पातं, तीस सेंटिमीटरच्या आतली, कारण लगूनमध्ये, म्हणजे किनारा आणि प्रवाळाची भिंत यांच्यामधल्या उथळ पाण्यात, जागोजाग प्रवाळाचे गड्डे वर आलेले आहेत आणि लांब फिन त्यावर आपटली की माणूस शिडासकट पुढे फेकला जातो. भरती-ओहोटीत फरक जेमतेम अर्धा मीटर, मुंबईत तो चार मीटरच्याही वर जातो. म्हणून दिवसभर उतरता येतं, पण तेवढ्या अर्ध्या मीटरनंही काही गड्डे झाकतात, काही उघडे पडतात. जाड तळव्याचे बूट घालाच. समुद्री साळिंदराचा काटा रुतला तर सहल पलंगावर.

दुसऱ्या दुपारचं सांगते. हार्नेसचा, म्हणजे कमरेला बांधलेल्या पट्ट्याचा, हूक शिडाच्या दोरीत अडकवला, मागचा पाय बोर्डावरच्या पट्ट्यात गेला, आणि बोर्डाखालचा थपथप आवाज एकदम थांबला. नुसती सूं. खाली पाणी इतकं नितळ की तळाची वाळू, मग हिरवट प्रवाळ, मग पुन्हा वाळू अशी सरकताना दिसत होती, एसटीच्या खिडकीतून शेतं सरकावीत तशी. समोर काळा कडा उभा. मी अर्धा किलोमीटर गेले असेन, वळले, परत आले, पुन्हा गेले. किती वेळा ते मोजलं नाही. किनाऱ्यावर आले तेव्हा दोन्ही तळहातांना फोड होते आणि मी ओंकारला मिठी मारून रडले.

आता सावध राहण्याची गोष्ट. लगूनच्या पश्चिम अंगाला प्रवाळाच्या भिंतीत खिंड आहे. भिंतीवरून आत आलेलं पाणी त्या खिंडीतून बाहेर ओढलं जातं, आणि वारासुद्धा तुम्हाला तिकडेच नेतो. खिंडीजवळ ‘वन आय’ नावाची लाट फुटते, जगभरचे पट्टीचे लोक तिच्यासाठी येतात. कड्यातलं एक भोक डोळ्यासारखं दिसायला लागलं की आपण त्या लाटेपाशी आलो, असं सांगतात, नावही त्यावरूनच. मी ती लाट लांबून पाहिली आणि परत फिरले. वॉटरस्टार्ट, म्हणजे खोल पाण्यात पडल्यावर वाऱ्याच्याच बळावर बोर्डावर चढणं, ज्याला हमखास जमत नाही त्यानं खिंडीच्या दोनशे मीटर जवळसुद्धा जाऊ नये.

म्हणूनच ओंकारसाठी ले मोर्न मला योग्य वाटलं नाही. शिकवणारा मुलगा चांगला होता, क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीभाषेत, समजावून हातांनी करून दाखवायचा, २०० लिटरचं रुंद बोर्ड आणि ३.५ चं शीड दिलं होतं. पण वारा सकाळी दहाच्या आधी कमी आणि अकराच्या पुढे त्याच्यासाठी फार. शीड उचलेपर्यंत तो पन्नास मीटर वाहून गेलेला असायचा. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “आत्या, मी उभा कमी राहतोय आणि बोर्ड ओढत परत जास्त येतोय.” मग दोन दिवस आम्ही आग्नेय किनाऱ्यावर माहेबूरजवळच्या प्वांत देस्नीला काढले. तिथं वारा समुद्रावरून तिरका किनाऱ्याकडे येतो, म्हणजे पडलं तरी माणूस वाळूकडेच लागतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं सलग दीडशे मीटर जाऊन, वळून, परत येऊन दाखवलं. नवशिका बरोबर असेल तर आधी प्वांत देस्नी आणि मग ले मोर्न, असा क्रम ठेवा. मी उलटा ठेवला.

ज्या सेंटरवरून सामान घेतलं त्याबद्दल. शिडं नवी होती, ४.० पासून ६.२ पर्यंत, आणि वारा बदलला की दिवसातून कितीही वेळा बदलून देत. ही सोय फार मोलाची, आठवड्याच्या भाड्याचे पैसे तिथंच वसूल होतात. एका दिवशी बूमवरच्या, म्हणजे शीड धरायच्या दांडीवरच्या, हार्नेसच्या दोऱ्या घासलेल्या मिळाल्या, दाखवल्यावर लगेच बदलल्या. पण वाहून गेलेल्याला आणायला जाणाऱ्या बोटीचे पैसे वेगळे, हे आरक्षणाच्या वेळी कोणीच सांगितलं नाही. ओंकारला दोनदा आणावं लागलं आणि शेवटच्या दिवशी बिल हातात आलं. तुम्ही आधीच विचारा, लेखी घ्या.

पाणी २३ अंशांच्या आसपास असतं. बेट उष्ण कटिबंधातलं, तरी वाऱ्यात तासाभरानं दात वाजतात. आखूड वेटसूट लागतोच. सहाच्या आत सूर्य बुडतो.

ज्या कड्याच्या पायथ्याशी आपण खेळतो तो कडा पळून आलेल्या गुलामांचा आसरा होता. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, ते सांगायला शिपाई वर आले, ते पकडायलाच आले असं समजून माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. २००८ मध्ये त्या जागेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. खाली स्मारक आहे. पहिल्या संध्याकाळी तिथं जा. दुसऱ्या दिवसापासून त्या कड्याकडे निव्वळ देखावा म्हणून पाहवत नाही.

खाण्याचं थोडक्यात. रस्त्यावरची ढोल पुरी म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच. पातळ, मऊ, आत वाटलेली डाळ, वर रस्सा आणि मिरचीची चटणी. एक मागितली तरी दोन देतात, जोडीनंच विकतात. गातो पिमां म्हणजे आपले डाळवडे. पाण्यातून आल्यावर याच्यासमोर हॉटेलचं जेवण नको वाटायचं.

परतीच्या टॅक्सीचा चालक तिथल्याच कास्कावेल गावचा, पणजोबा कोकणातून आलेले. घरात आता क्रिओल बोलतात, मराठी त्याला शाळेत शिकवलेली तेवढी. गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते आणि त्यांच्या गावात तयारी सुरू झाली होती. त्यानं विचारलं, तुमच्याकडे झाकरी नाचतात का? मला क्षणभर कळलं नाही. त्यानं स्टिअरिंगवर ठेका धरला, आणि तो आमच्या जाखडीचा ठेका होता. विमानतळ येईपर्यंत मी आणि तो गात होतो, ओंकार मागून टाळ्या देत होता.

पुढच्या ऑगस्टसाठी सेंटरला लिहिलंय, ९५ लिटरचं तेच बोर्ड ठेवा म्हणून. या वेळी बोटीचे पैसे किती, हे पहिल्याच ओळीत विचारलंय.