बार्बाडोसचं बुकिंग करताय? आधी पॅरिशचं नाव विचारा

न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपांवर उन्हाळी सुट्टीची कॅरिबियन पॅकेजं पुन्हा फिरायला लागली आहेत, म्हणून हे लिहून टाकते. विकणारा आपल्यातलाच आहे. गणपतीत भेटतो, गोड बोलतो, ‘वहिनी, डोळे झाकून जा’ म्हणतो. त्याचं नाव लिहीत नाही. पद्धत सांगते, कारण ती वापरणारा तो एकटाच असेल असं मला वाटत नाही.

आम्हाला विकलं ते असं: बार्बाडोस, बीचफ्रंट व्हिला, शांत पाणी, लहान मुलांना सेफ, प्रायव्हेट बीच. सोबत गॅलरीतून काढलेला फोटो, सूर्य समुद्रात टेकलेला. पत्त्याच्या जागी नुसतं ‘बार्बाडोस’. अर्धे पैसे कार्डाने घेतले आणि उरलेले ‘फी कशाला भरता’ म्हणत बँकेतून थेट स्वतःच्या खात्यात टाकायला लावले.

व्हिला होता, समोर समुद्रही होता. पण सेंट फिलिपमध्ये. बार्बाडोस अकरा पॅरिशमध्ये विभागलेलं आहे, आपले तालुके असतात तसं. बेट जेमतेम 34 किलोमीटर लांब, पण किनारा कुठला मिळाला यावर सगळी सुट्टी ठरते. पश्चिमेला सेंट जेम्स आणि सेंट पीटर; तिथलं पाणी बहुतेक दिवस तळ्यासारखं पडून असतं. दक्षिणेच्या क्राइस्ट चर्चमध्ये लाटा मध्यम. पूर्वेला मात्र खुला अटलांटिक, थेट आफ्रिकेपर्यंत मध्ये काही नाही. तिकडच्या सेंट जोसेफमधलं बॅथशिबा सर्फिंग करणाऱ्यांत जगभर प्रसिद्ध आहे, यावरून काय ते समजा. सेंट फिलिप आग्नेयेला, त्याच समुद्रावर. आमच्या समोर पाणी असं काही ओढत होतं की शेजारच्या घराची राखण करणारे काका मुलांना बघून मुद्दाम खाली आले आणि म्हणाले, इथे गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका.

जाण्याचा प्रश्नही नव्हता म्हणा. पुळणभर तपकिरी शेवाळाचे ढीग होते. याला सरगॅसम म्हणतात. 2011 पासून ते कॅरिबियनमध्ये प्रचंड प्रमाणात वाहून येतंय, साधारण मार्च ते ऑगस्ट जोर जास्त. 2018 च्या जूनमध्ये बार्बाडोस सरकारने त्यापायी आणीबाणी जाहीर केली होती. वारा पूर्वेचा, त्यामुळे ते येऊन साचतं पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर. पश्चिम किनारा बराचसा वाचतो. कुजायला लागलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्यांचा वास. खिडक्या लावून बसलो तरी जेवण जाईना. सासूबाईंच्या पायातली चांदीची जोडवी काळीठिक्कर पडली. त्यांना आधी वाटलं, एजंटाने घर दिलं तशी सोनाराने चांदीही तसलीच दिली.

फोन केला तर उत्तर तयार: ‘निसर्ग आहे वहिनी, माझ्या हातात काय?’ निसर्ग त्याच्या हातात नाही, कबूल. फोटो तर होता ना? पूर्वेकडे तोंड असलेल्या गॅलरीतून समुद्रात मावळता सूर्य दिसणारच नाही. आपण कोकणातली माणसं, समुद्र म्हटला की सूर्य त्यातच बुडणार असं आपल्या डोक्यात पक्कं असतं, आणि याला ते बरोबर ठाऊक. तो फोटो पश्चिम किनाऱ्यावरचा होता.

दुसरा चुना ‘प्रायव्हेट बीच’चा. माणशी दिवसाला 25 अमेरिकन डॉलर ‘बीच पास’ म्हणून आगाऊ घेतले होते. बार्बाडोसमध्ये किनारे सगळ्यांना खुले आहेत, अगदी मोठमोठ्या हॉटेलांसमोरचेसुद्धा. खुर्ची-छत्रीचे पैसे हॉटेल घेईल, वाळूवर चालण्याचे नाही. पास म्हणून आम्हाला मिळाला तो प्लास्टिकचा पट्टा. तो कोणी तपासला नाही, कारण तपासणारं कोणी नव्हतंच.

शेवटी आम्ही सरकारी बस धरली. साडेतीन बार्बाडोस डॉलर, कुठेही उतरा. राजधानी ब्रिजटाऊनला बदलून पश्चिम किनाऱ्यावरच्या पेन्स बेला गेलो आणि मुलं पहिल्यांदा पाण्यात उतरली. तिथे एक किरकोळ टोपी घातली गेली ती सांगून ठेवते. खुर्च्यांच्या पाटीवर ‘40 डॉलर’ होतं आणि त्या पोराने अमेरिकन 40 मागितले. बार्बाडोसचा डॉलर 1975 पासून अमेरिकन डॉलरला दोनास एक बांधलेला आहे, म्हणजे होतात 20. ‘कुठले डॉलर?’ एवढं विचारलं की माणूस हसून बरोबर रक्कम सांगतो. टॅक्सीला मीटर नसतात, तिथेही बसण्याआधी हेच विचारा. आणि खोडावर लाल पट्टा रंगवलेलं झाड दिसलं तर त्याच्या सावलीत बसू नका, पाऊस आला तर मुळीच नाही. ते मॅंचिनील, त्याचा चीक अंगावर फोड आणतो, फळ तर विषारीच.

आता पैशाचं. कार्डाने भरलेले परत मिळाले, कारण बँकेला जाहिरातीचा फोटो आणि आमच्या गॅलरीचा फोटो शेजारी शेजारी पाठवता आले. थेट खात्यात टाकलेले गेले ते गेलेच. तुम्हीच पाठवलेत, म्हणून बँकेने हात वर केले. पासचे पैसेही त्यातच.

आमची तक्रार पोचताच त्याने ग्रुपवरचा जाहिरातीचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. माझ्याकडे स्क्रीनशॉट होता म्हणून निभावलं. ज्यांनी यंदा त्याच्याकडे आगाऊ रक्कम भरली आहे, त्यांनी त्याच्या मेसेजांचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. मग घराचा नकाशावरचा पिन आणि पॅरिशचं नाव लेखी मागा. ‘तिकडे गेल्यावर देतो’ म्हणाला तर उरलेले पैसे पाठवू नका, आणि कार्डवाल्या बँकेला लगेच फोन करा, कारण तक्रारीला मुदत असते.