कच्चं तोलायचं की शिजलेलं?

100 ग्रॅम तांदूळ म्हणजे साधारण 350 कॅलरी, आणि 100 ग्रॅम भात म्हणजे साधारण 130. कॅलरी नोंदायच्या ॲपमध्ये दोन्ही 'राइस' म्हणून शेजारी शेजारी दिसतात आणि घाईत भलत्याच ओळीवर बोट पडतं. ताटातला 150 ग्रॅम भात तांदूळ म्हणून नोंदला तर 195 च्या जागी 525 कॅलरी लागतात. उलट 60 ग्रॅम तांदूळ भात म्हणून नोंदला, तर 210 च्या जागी 78. ही दुसरी चूक जास्त वाईट. महिनाभर मन मारून जेवूनही वजन हलत नाही, आणि माणूस स्वतःलाच बोल लावत राहतो. खरं तर चुकलेली असते फक्त नोंद.

हिशोबाच्या दृष्टीने कच्चं वजन पक्कं. भात शिजताना त्यात शिरतं ते पाणी, आणि पाण्याला कॅलरी नसते. पाकिटावरचे आकडेही बहुधा कोरड्या मालाचे असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली काढलेल्या तक्त्यांमध्ये 528 पदार्थ आहेत. आपल्या डाळी-तांदळांचे आकडे तिथे कच्च्या वजनाला मिळतात. फक्त ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, तेव्हा 4.184 ने भागायला विसरू नका.

शिजलेल्या वजनाचं तसं नाही. तोच तांदूळ मोकळा केला तर अडीचपट होतो, आसट केला तर तिप्पट, गुरगुट्या केला तर आणखी जास्त. ॲपमधले 130 कुणाच्या तरी भाताचे आहेत, तुमच्या कुकरातल्या भाताचे असतीलच असं नाही. वरणाचं तर विचारूच नका: ऐनवेळी पाहुणा आला की तांब्याभर पाणी वाढतं, आणि वाटीतली डाळ तेवढी कमी होते.

मग कच्चंच तोलावं? एकटे राहत असाल आणि स्वतःपुरतंच रांधत असाल तर हो, डोळे झाकून. पण आमच्या घरी चार माणसं आणि कुकर एकच. मी तांदूळ तोलून टाकला तरी त्यातला माझ्या ताटात किती आला, हे कच्चं वजन सांगत नाही. अशा घरात दोन्ही वजनं लागतात. कच्च्यावरून भांड्यातल्या एकूण कॅलरी काढायच्या आणि शिजलेल्यावरून आपला वाटा.

कालचंच सांगते. 240 ग्रॅम इंद्रायणी, म्हणजे 840 कॅलरी. कुकरातलं भांडं रिकामं 310 ग्रॅम भरतं, तो आकडा ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलाय. शिजल्यावर भांडं भरलं 982. म्हणजे भात 672 ग्रॅम, ग्रॅमला सव्वा कॅलरी. माझ्या ताटात 160 ग्रॅम आला, झाल्या 200 कॅलरी. एका मिनिटाचं काम आहे. वरणालाही हीच रीत: 150 ग्रॅम तूरडाळीच्या 500 आणि फोडणीच्या 10 ग्रॅम तुपाच्या 90. सगळं वरण 900 ग्रॅम झालं तर 150 ग्रॅमच्या वाटीत जेमतेम 100.

पोळीला शिजलेलं वजन घेऊच नका, ती तव्यावर किती वाळेल याचा नेम नाही. कणीक कोरडी तोला आणि पोळ्या मोजा. 300 ग्रॅम कणकेच्या 12 पोळ्या झाल्या, तर एकीत 25 ग्रॅम कणीक, म्हणजे सुमारे 85 कॅलरी. वरून सोडलेलं चमचाभर तूप 5 ग्रॅम धरलं तरी 45. हे तूप नोंदीतून हमखास निसटतं.

चिकनचं गणित भाताच्या उलट. पाणी सुटतं, वजन जवळजवळ पाव हिश्शाने घटतं. छातीचा बिनहाडाचा तुकडा कच्चा 100 ग्रॅम म्हणजे 120 कॅलरी, भाजलेला 100 ग्रॅम म्हणजे 165. रश्शातलं हाडांसकट असेल तर वाढून घेतलेल्या तुकड्यांचं वजन करा आणि जेवण झाल्यावर उरलेली हाडं तोलून वजा करा. पालेभाजी शिजून मूठभर होते, पण तिच्यात कॅलरीच थोड्या, तिथे जीव आटवू नका. भाजीत तेल किती पडलं तेवढं बघा.

तळणाला मात्र दोन्ही वजनं अपुरी पडतात. पुरीने तेल किती प्यायलं हे कणीकही सांगत नाही आणि पुरीही. कढईतलं तेल तळायच्या आधी आणि पूर्ण गार झाल्यावर तोलायचं. जेवढं कमी भरेल, त्याला 9 ने गुणायचं आणि पुऱ्यांच्या संख्येने भागायचं.

मेसमध्ये किंवा डब्यावर जेवत असाल तर शिजलेलं वजन हाच पर्याय. तिथे 'शिजवलेला' असं स्पष्ट लिहिलेली ओळ निवडा, रोज तीच ठेवा, आणि तेलासाठी भाजीमागे एक चमचा जास्तीचा धरा.