पेनांगला उतरताय? जहाजाची बस घ्यायची की आपलं आपण फिरायचं

सिंगापूरहून क्रूझ घेतली की मलेशियातलं पेनांग बऱ्याचदा वाटेत येतं आणि बुकिंग झालं की घरात पहिला वाद हाच, तिथे उतरून जहाजवाल्यांची टूर घ्यायची की आपलं आपण भटकायचं. आमच्याकडे तो वाद मिटलाच नाही, शेवटी दोन पार्ट्या झाल्या, आईबाबा जहाजाच्या बसने गेले आणि आम्ही चौघं (मुलं ९ आणि १३ वर्षांची) पायी. रात्री जेवताना दोन्हीकडचा हिशोब मांडला, तोच इथे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, पेनांगचा धक्का म्हणजे स्वेटनहॅम पिअर गावाबाहेर नाहीये. गेटमधून बाहेर पडून थोडं चाललं की राणी व्हिक्टोरियाचा घड्याळाचा टॉवर दिसतो, राज्याला ६० वर्षं झाली म्हणून ६० फुटांचा बांधलाय, आणि बाजूलाच फोर्ट कॉर्नवॉलिस. हा तोच कॉर्नवॉलिस बरं का, टिपूविरुद्धच्या लढाईत मराठे ज्याच्या बाजूने होते तो. थोडक्यात, २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं जॉर्ज टाऊन, म्हणजे पेनांगचं जुनं शहर, धक्क्यावरूनच सुरू होतं, ते बघायला बसचे माणशी पैसे भरायची खरंच गरज नाही.

पण आईबाबांची बस जॉर्ज टाऊनला नव्हतीच, ती गेली केक लोक सी मंदिर आणि पेनांग हिलला. हे दोन्ही धक्क्यापासून लांब, ट्रॅफिक धरून अर्धा-पाऊण तास. मंदिर प्रचंड आहे, १८९० पासून बांधत गेलेत, वर कुआन यिन या करुणेच्या बौद्ध देवीची ३० मीटरची ब्राँझची मूर्ती, तिथवर जायला तिरकी लिफ्ट आहे म्हणून आईचे गुडघे वाचले. एसी बस, गाइड, हिलच्या रेल्वेची तिकिटं आधीच काढलेली. तक्रार एकच, मंदिरात जेमतेम चाळीस मिनिटं आणि नंतर एका दुकानात तासभर, जिथे कोणालाच काही घ्यायचं नव्हतं, तरी बाबा बामच्या चार बाटल्या घेऊन आलेच.

आम्ही आर्मेनियन स्ट्रीटला गेलो. भिंतीवर भाऊबहिणीचं चित्र रंगवलंय आणि त्यांची सायकल मात्र खरीखुरी, भिंतीला ठोकलेली, २०१२ चं काम आहे, फोटोला रांग होती पण मुलांना ते कुठल्याही मंदिरापेक्षा जास्त आवडलं. मग च्यू जेटी, समुद्रात लाकडी खांबांवर उभी घरं, लोक आत राहतात म्हणून खिडकीतून डोकावू नका. लिटल इंडियात केळीच्या पानावर जेवलो. शाकाहारी असाल तर तिथेच जेवा, कारण बाकी ठिकाणी भाजीतल्या साध्या सांबलमध्येसुद्धा (मिरचीची चटणी) कोळंबीची पेस्ट असते, वरून कळतही नाही. शेवटी चेंडॉल खाल्लं, हिरव्या शेवया, नारळाचं दूध, गूळ, वर राजम्यासारखे दाणे आणि बर्फ. बायको मालवणची, पहिल्या चमच्यालाच म्हणाली अरे हे तर आपले शिरवाळे, फ्रीजमधले!

इथवर ठीक होतं, मग मला हाव सुटली. हिल पण उरकू म्हणून ग्रॅब (तिकडची ओला-उबरसारखी टॅक्सी) करून गेलो, खाली रांग बघितली, जहाजावर परतायची वेळ बघितली आणि तिकीट न काढताच मागे फिरलो. गाडीत लेकीने एक शब्द काढला नाही, त्यापेक्षा ओरडली असती तर बरं. एकटे गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही, त्यांच्याच टूरची बस उशिरा आली तर सहसा थांबतात, बसचे अर्धे पैसे या भरवशाचेच असतात असं माझं मत झालंय.

तर सोबत वयस्कर मंडळी असतील आणि हिल किंवा केक लोक सी बघायचंच असेल तर बस घ्या. मुलं असतील, चालायची आणि खायची हौस असेल तर स्वतः फिरा, पण जॉर्ज टाऊनबाहेर पाऊल टाकू नका. छत्री घ्याच, ऊन आणि पाऊस दोन्हीला लागते.

हे सगळं फक्त पेनांगपुरतं हं. तुमचं जहाज पोर्ट क्लांगला थांबणार असेल तर गणित उलटं, क्वालालंपूर तिथून तासभर तरी लांब आहे, तिथे मी गुपचूप जहाजाची बस घेईन.

कागदांचं म्हणाल तर डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टला मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण सवलत मुदतीची आहे, जायच्या आधी तपासा. सिंगापूरचा व्हिसा मात्र मल्टिपल एन्ट्री हवा, क्रूझ संपवून तुम्ही पुन्हा तिथेच उतरता. आणि फुकेतही असेल तर तिथलं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे, मोबाइल आपोआप बदलतो आणि जहाज कदाचित आपलीच वेळ धरून बसतं, म्हणून उतरताना गेटवरच्या माणसाला परतीची वेळ कुठल्या घड्याळाने ते विचारूनच निघा.